विनोदाच्या मांडवातले पाहुणे

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबवरील ‘इंडियाज गॉट लेटंट’ या विनोदी कार्यक्रमात पाहुणे म्हणून बसलेल्या रणवीर अलाहाबादिया यांनी एका स्पर्धकाला त्याच्या आईवडिलांसंबंधी एक अश्लील प्रश्न विचारला. प्रश्न काही सेकंदांचा होता; त्याचे पडसाद मात्र गुवाहाटीच्या पोलीस ठाण्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत उमटले. महाराष्ट्र सायबर पोलिसांनी चौकशी आरंभली, यजमान समय रैना यांनी कार्यक्रमाचे सर्व भाग मागे घेतले, संसदेतही विषय निघाला. या गदारोळात एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या वाक्यावरून वादळ उठले ते विनोदकाराचे नव्हतेच. ते एका पाहुण्याचे होते, आणि हा पाहुणा स्वतः मुलाखतींचा पॉडकास्ट चालवणारा, मंत्र्यांपासून अध्यात्मगुरूंपर्यंत अनेकांना समोर बसवणारा यजमान होता. दुसऱ्याच्या मांडवात गेल्यावर तिथल्या रीतीप्रमाणे वागावे म्हणून तो गेला आणि रीत ओळखण्यात चुकला. विनोदी पॉडकास्टांच्या बाबतीत खरा प्रश्न तेव्हापासून सर्वांपुढे आहे. पाहुणा कोण असावा, त्याला कशासाठी बोलवावे आणि तो आला की हसू कोणाचे व्हावे?

हा प्रश्न वऱ्हाडात विचारण्याला विशेष अर्थ आहे. ‘वऱ्हाडी’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक, वऱ्हाड प्रांताचा रहिवासी. दुसरा, लग्नाच्या मांडवात मुलाकडून आलेला पाहुणा. दुसऱ्या अर्थाने वऱ्हाडी हा मानाचा धनी. त्याच्या मानपानात कमी पडले तर लग्न मोडायची वेळ येते. पहिल्या अर्थाचा वऱ्हाडी मात्र महाराष्ट्राच्या विनोदाच्या मांडवात गेली कित्येक वर्षे वावरतो आहे, आणि त्याला मानाचे पान क्वचितच मिळाले आहे.

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरील जंक्शन. एकेकाळी येथून ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची गाडी एकीकडे यवतमाळला व दुसरीकडे अचलपूरला जात असे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी उभारलेल्या त्या मार्गावर गाडी इतकी सावकाश चाले की डब्यात गप्पांखेरीज दुसरा उद्योग नसे. ती गाडी थांबली. आज अकोल्याला किंवा बडनेऱ्याला कामासाठी जाणारा तरुण कानात इअरफोन घालून गाडीत बसतो आणि दुसऱ्यांच्या गप्पा ऐकतो. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातील गप्पा तालुक्याच्या गावी पोहोचू लागल्या. सौमित्र पोटे यांचे ‘मित्रम्हणे’, ओंकार जाधव व शार्दूल कदम यांचे ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’ ही नावे आज मराठी श्रोत्याला परिचयाची आहेत. यांतील सर्वच पॉडकास्ट विनोदी नव्हेत. पण विनोदी नट-लेखक हे त्यांचे हमखास पाहुणे असतात, आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’सारख्या कार्यक्रमातील कलाकार बोलणार म्हटले की श्रोता कान टवकारतो. हिंदी-इंग्रजीतील विनोदकारांचे पॉडकास्ट ऐकणारा वर्गही लहान नाही. या श्रोत्याला केवळ ग्राहक समजणे चूक ठरेल. तो चाहता आहे, म्हणजेच त्याला मते आहेत. कोणता पाहुणा मनापासून बोलला, कोणता पाठ करून आला, कोणाला यजमानाने उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवले, याचा हिशेब तो चोख ठेवतो.

या हिशेबाने पाहिले तर पाहुण्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग जाहिरातीसाठी येणाऱ्यांचा. त्याचा चित्रपट पुढच्या शुक्रवारी लागणार असतो, नाटकाचा दौरा निघणार असतो. ही चाल पॉडकास्टने शोधलेली नाही. २०१४ साली ‘झी मराठी’वर सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमाने चित्रपटाच्या चमूला बोलावून त्यांच्यासमोर त्यांचीच थट्टा करण्याचा पायंडा घट्ट केला. त्यात विनोद उत्तम होत असे, पण थट्टेची मर्यादा ठरलेली असे; कारण पाहुणा हा गिऱ्हाईकही होता. गिऱ्हाइकाची थट्टा गुदगुल्यांपुरती चालते, चिमटा काढता येत नाही. पॉडकास्टने या चालीचा अवधी वीस मिनिटांवरून दोन तासांवर नेला, एवढाच फरक. परिणामी तोच नट एकाच आठवड्यात चार ठिकाणी भेटतो आणि आपल्या संघर्षाची तीच हकीकत, तेवढ्याच जागी थांबून, चारदा सांगतो. चौथ्यांदा ऐकणारा चाहता वैतागला तर दोष त्याचा नव्हे.

दुसरा वर्ग मित्रांचा. एक विनोदकार दुसऱ्याला बोलावतो, दुसरा पहिल्याला. दोघांच्या तालमीतल्या, बसप्रवासातल्या आठवणी निघतात. या गप्पा कधी अत्यंत बहारीच्या होतात, कारण धंद्यातली माणसे धंद्याविषयी मोकळेपणाने बोलतात. विनोद लिहितात कसा, पडतो केव्हा, प्रेक्षागृह गार असेल तर काय करतात, हे ज्ञान पूर्वी विंगेबाहेर येत नसे. मराठीत या प्रकाराची नांदी अमेय वाघ व निपुण धर्माधिकारी यांच्या ‘कास्टिंग काउच’ने केली. मुलाखतीचे सोंग घेऊन मुलाखतीचीच टर उडवणाऱ्या त्या मालिकेत पाहुण्याला स्वतःवर हसण्याची तयारी ठेवूनच यावे लागे, आणि पहिल्याच भागात राधिका आपटे यांनी ती दाखवली. परंतु मित्रमंडळाचा दोष असा की ते फार लवकर बंद होते. त्यातल्या हशाला बाहेरच्याला अर्थ लागत नाही. दोघे एकमेकांच्या वाक्यावर खदखदा हसतात आणि मूर्तिजापूरच्या फलाटावरचा श्रोता, आमंत्रण नसताना जेवायला आल्यासारखा, अवघडून उभा राहतो.

तिसरा वर्ग सर्वांत लहान आणि सर्वांत मोलाचा. ज्याला विनोदाचा धंदा येत नाही, ज्याला काही विकायचे नाही, पण ज्याच्यापाशी सांगण्यासारखे आहे असा माणूस. जगातील विनोदी पॉडकास्टचा इतिहास या वर्गानेच घडवला, हे विसरता येणार नाही. डिसेंबर २००५ मध्ये ब्रिटनमध्ये रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट यांनी ‘गार्डियन’च्या संकेतस्थळावरून पॉडकास्ट सुरू केला. त्याचे श्रेय दोन कसलेल्या विनोदकारांना मिळाले, पण त्याचा प्राण होता कार्ल पिल्किंग्टन हा रेडिओचा निर्माता, ज्याला आपण विनोद करतो आहोत असे वाटतही नव्हते. तो जगाविषयीची आपली मते गंभीरपणे मांडी आणि दोघे हसून लोळत. अमेरिकेत मार्क मॅरन यांनी २००९ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत चालवलेल्या पॉडकास्टमध्ये २०१५ साली तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा येऊन गेले. लॉस एंजेलिसमधील एका घराच्या गॅरेजमध्ये राष्ट्राध्यक्ष बसतो, ही घटना त्या माध्यमाची प्रतिष्ठा वाढवणारी ठरली. तिने एक दारही उघडले. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प थिओ व्हॉन, जो रोगन यांसारख्या विनोदकारांच्या पॉडकास्टांवर तास-तास बोलले. पत्रकार जो प्रतिप्रश्न विचारील तो विनोदकार विचारीत नाही, हे राजकारण्यांनी ओळखले. हसतखेळत झालेली मुलाखत म्हणजे निष्पाप मुलाखत नव्हे, हा धडा आपल्याकडील चाहत्यांनीही घेण्यासारखा आहे.

पिल्किंग्टनचे उदाहरण वऱ्हाडच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. साध्या माणसाला समोर बसवले की दोन गोष्टी घडू शकतात: लोक त्याच्याबरोबर हसतात किंवा त्याला हसतात. दोहोंतील रेषा पुसट आहे, पण ती ज्याच्यावर ओढली जाते त्याला स्पष्ट दिसते. मराठी मनोरंजनात वऱ्हाडी बोली बहुधा नायकाची नसते. ती पहारेकऱ्याची, हवालदाराची, नवख्या नोकराची असते. ‘काऊन’ आणि ‘मले-तुले’ एवढे दोन शब्द उच्चारले की प्रेक्षागृह हसते. पुढे विनोद असो वा नसो. अमरावती जिल्ह्यातून आलेल्या भारत गणेशपुरे यांनी या परिस्थितीत मोठा पल्ला गाठला. त्यांच्या तोंडी आलेली वऱ्हाडी ही उसनी ढब नव्हती. तिला शब्दांची नेमकी फेक होती, आणि मुख्य म्हणजे तीत शहाणपण होते. बोली बोलणारा माणूस बावळट नसून समोरच्याचा बावळटपणा ओळखणारा असू शकतो, हे त्यांनी दूरचित्रवाणीवर दाखवले. पण एका नटाने सारे ओझे किती काळ वाहावे?

येथे एका कटू वास्तवाचा उल्लेख करणे भाग आहे. गेल्या पंचवीस वर्षांत पश्चिम विदर्भ उर्वरित महाराष्ट्राला दोनच रूपांत भेटला आहे. बातमीत तो शेतकरी आत्महत्यांचा प्रदेश म्हणून येतो, विनोदात तो गमतीदार उच्चारांचा प्रदेश म्हणून येतो. एकीकडे कीव, दुसरीकडे करमणूक. मत असलेला, वाद घालणारा, कापसाच्या भावापासून क्रिकेटच्या संघनिवडीपर्यंत कशावरही तासभर रंगून बोलू शकणारा, जगण्यातल्या विसंगतीवर स्वतःच हसणारा वऱ्हाडी माणूस या दोन्ही चौकटींत बसत नाही. पॉडकास्ट हे असे माध्यम आहे की जेथे तो बसू शकतो. वेळेची टाच नाही, स्टुडिओचे भाडे नाही, प्रमाणभाषेची सक्ती नाही. असे असूनही पाहुण्यांच्या याद्या पाहिल्या तर बहुतेक नावे पुणे-मुंबईच्या पट्ट्यातली निघतात. वाहिन्यांच्या काळात याला प्रक्षेपणाच्या खर्चाचे कारण होते. आता ते कारण उरलेले नाही, सवय तेवढी उरली आहे.

वऱ्हाडात विनोदी संभाषणाची परंपरा नव्हती म्हणावे, तर तसेही नाही. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे गाडगेबाबांचे आजोळ. बालपण आणि तरुणपण त्यांनी तेथेच शेतात राबत काढले. मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभे केले, आणि गावातील महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. बाबांच्या कीर्तनाची रीत आठवून पाहावी. ते एकतर्फी प्रवचन नव्हतेच. बाबा प्रश्न विचारीत आणि हजारोंचा समुदाय उत्तर देई. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे बोकड कापावे काय, दारू प्यावी काय, पोराला शाळेत घालावे की नाही, असे ते साधे प्रश्न. उत्तर देता देता श्रोत्याला आपल्याच वागण्यातील विसंगती कळे आणि तो हसे. त्या हशात दुसऱ्याचा अपमान नसे. हसणारा आणि ज्याचे हसू होते तो, दोघे एकच असत. १९५६ साली, निधनाच्या थोडे आधी, मुंबईत झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही मोबाईलवर ऐकले जाते. आजच्या भाषेत बोलायचे तर त्या कार्यक्रमात एक यजमान आहे आणि समोरची सारी गर्दी हाच पाहुणा आहे.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. अकोट तालुक्यातील सत्यपाल महाराजांनी सात खंजेऱ्या एकाच वेळी वाजवत, अस्सल वऱ्हाडीत, हुंडा आणि अंधश्रद्धा यांवर कोरडे ओढले. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या ‘मिर्झा एक्स्प्रेस’ने वऱ्हाडी हास्यकविता गावोगाव नेली, मुसलमान कवीने वऱ्हाडीत साऱ्या गावाला हसवावे यात कोणाला काही वावगे वाटले नाही. अशा विनोदाची किंमतही मोजावी लागते. २०१७ साली मुंबईत कार्यक्रमानंतर सत्यपाल महाराजांवर चाकूहल्ला झाला. दुसरीकडे, हशा मिळतो म्हणून सारेच पावन होते असेही नाही. निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या विनोदी कीर्तनांना यूट्यूबवर प्रचंड श्रोतृवर्ग मिळाला. पण पुत्रप्राप्तीसंबंधीच्या विधानावरून २०२० साली त्यांच्याविरुद्ध कायदेशीर कारवाई सुरू झाली आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने खटल्याचा मार्ग मोकळा केला. हशा आणि विचार यांची सांगड एकदा सुटली की तीच खंजेरी, तोच मांडव आणि तीच टाळी भलत्या गोष्टीला मान्यता देऊ लागते.

म्हणूनच विनोदाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न सरधोपटपणे सोडवता येत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये वरळीत झालेल्या ‘एआयबी’च्या थट्टासोहळ्याची चित्रफीत काढून घ्यावी लागली, तेव्हा वाद अश्लीलतेचा होता. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीतावरून खार येथील ‘हॅबिटॅट’ या रंगस्थळाची मोडतोड झाली, तेव्हा वाद राजकीय होता. दोन्ही प्रकरणांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. सत्ताधाऱ्याची थट्टा हे विनोदाचे जुने आणि मान्य काम आहे. तमाशाच्या वगापासून ते चालत आले आहे. ती नापसंत असेल तर उत्तर शब्दाने द्यावे, हातोड्याने नव्हे. त्याच मार्च महिन्यात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने इम्रान प्रतापगढी प्रकरणात बजावले की, शब्दांचा परिणाम मनाने खंबीर अशा समंजस माणसाच्या कसोटीवर जोखावा, सतत धास्तावलेल्या माणसाच्या नव्हे. हे तत्त्व विनोदकारांना जितका आधार देते तितकेच श्रोत्याला प्रौढ मानते.

परंतु भयाचे सावट निकालांपेक्षा वेगाने पसरते. ‘लेटंट’च्या वादानंतर लगेचच मराठीतील ‘भाडिपा’ने ‘अतिशय निर्लज्ज कांदेपोहे’ या आपल्या कार्यक्रमाचा १४ फेब्रुवारीचा प्रयोग पुढे ढकलला. नाव धीट होते, काळ धीट नव्हता. मोठ्या शहरातील संस्थेला वकील मिळतो, पाठीराखे मिळतात. तालुक्याच्या गावी खोलीत बसून स्थानिक पुढाऱ्याची नक्कल रेकॉर्ड करणाऱ्या पोराला काय मिळणार? त्याला ओळखणारे सारे त्याच गल्लीत राहतात. म्हणून तो पुढाऱ्याची नक्कल सोडून बायकोच्या माहेरचे विनोद करू लागतो. विनोदाची धार बोथट होते ती अशी, गाजावाजा न होता.

याच प्रकरणांच्या साखळीतून पाहुण्याचा प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोहोचला. अपंग व्यक्तींची टिंगल केल्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये समय रैना व अन्य विनोदकारांना जाहीर माफी मागण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये न्यायालय त्याच्या पुढे गेले. दुर्धर आजारांशी झुंजणाऱ्या, कर्तृत्व गाजवणाऱ्या अपंग व्यक्तींना आपल्या मंचावर आणावे आणि उपचारांसाठी निधी उभारावा, असे निर्देश दिले. ज्यांची टिंगल केली त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवा, असा त्याचा मथितार्थ. न्यायालयाने पाहुण्यांची यादी ठरवावी काय, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे; सक्तीचा सत्कार हा सत्कार नसतो, आणि आज चांगल्या हेतूने वापरलेला अधिकार उद्या कशाही हेतूने वापरला जाऊ शकतो. पण त्या निर्देशामागील जाण खोल आहे. ज्याच्यावर विनोद होतो तो माणूस खोलीत हजर असेल, त्याच्या हातात माईक असेल आणि उलट उत्तर देण्याची मोकळीक असेल, तर बहुतेक दुष्ट विनोद ओठांवरच विरतात आणि चांगले विनोद अधिक चांगले होतात.

हीच कसोटी वऱ्हाडीला लावून पाहता येईल. वऱ्हाडी उच्चारांवरचा विनोद हा अपमान आहे म्हणून त्यावर बंदी घाला, अशी मागणी कोणी शहाणा वऱ्हाडी करणार नाही. स्वतःवर हसण्याची त्याला सवय आहे. दुष्काळातही त्याने ती मोडलेली नाही. त्याचे म्हणणे एवढेच की, आमच्या बोलीवर हसताना आम्हाला बोलू द्या. यजमानाने अकोला-अमरावतीकडील पाहुणा बोलवावा, त्याला ‘जरा वऱ्हाडीत बोलून दाखवा’ असे सर्कशीतल्या प्राण्यासारखे फर्मावू नये, त्याला कोणत्याही पाहुण्याप्रमाणे प्रश्न विचारावेत आणि तो ज्या भाषेत उत्तर देईल ती ऐकून घ्यावी. बाजार समितीतील अडत्या, जिनिंगमधील कामगार, एस.टी.चा वाहक, कन्या शाळेतील शिक्षिका यांच्या बोलण्यात जो खवचटपणा सहज असतो, तो लेखकांच्या चमूला महिनाभर बसूनही साधत नाही.

चाहत्यांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. पॉडकास्ट दोन तासांचा असतो, पण तो फिरतो तीस सेकंदांच्या तुकड्यांनी. सर्वाधिक पाहिला जाणारा तुकडा बहुधा सर्वाधिक खळबळीचा असतो, आणि यजमान पुढचा पाहुणा त्या तुकड्याकडे पाहून निवडतो. तेव्हा उथळ पाहुण्यांबद्दल तक्रार करणाऱ्या श्रोत्याने आपले बोट कोठे थांबते हेही पाहावे. संथ, जुन्या शकुंतलेच्या चालीने जाणारी मुलाखत शेवटपर्यंत ऐकणारे लोक वाढले तर तशा मुलाखती होतील. नाही वाढले, तर तोच नट त्याच संघर्षाची हकीकत घेऊन पाचव्यांदा येईल.

मांडव कोणाचा आहे यावर पाहुण्यांचा मान ठरतो, हे लग्नात खरे आणि विनोदातही खरे. पुण्या-मुंबईच्या यजमानांनी वऱ्हाडाला बोलवावे ही अपेक्षा रास्त आहे. पण आमंत्रणाची वाट पाहत बसण्याचे आता कारण नाही. एक मोबाईल, एक बरा माईक आणि दोन तास मोकळे असलेली दोन माणसे एवढ्या सामग्रीवर मूर्तिजापुरातही मांडव घालता येतो. तेथे पाहुणा म्हणून कोणाला बोलवायचे, याचे उत्तर गाडगेबाबांनी त्याच मातीत देऊन ठेवले आहे. समोर जो बसला आहे त्याला विचारावे, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे.